संयुक्त काप : निमुळत्या लाकडी कुंडीसाठी करवतीचे कोन

फळीच्या रुंदीतही तिरपा आणि जाडीतही तिरपा, असा एकाच फेरीत घेतलेला काप म्हणजे संयुक्त काप. तळाशी अरुंद आणि तोंडाशी रुंद अशी लाकडी कुंडी घरी करायची तर तिच्या प्रत्येक फळीच्या दोन्ही टोकांना तो घ्यावा लागतो. सरळ उभ्या खोक्याचा कोपरा पाते ४५ अंशांवर कलवले की जुळतो. बाजू बाहेर झुकल्या की तो हिशेब मोडतो. पिठाच्या गिरणीवरची धान्य ओतायची पेटी आणि चौपाखी छपराचा कोनवासा यांची भूमितीही हीच आहे.

करवतीवर दोन मापे लावायची असतात. आडवा काप काटकोनापासून किती वळला ते मायटर कोन सांगतो आणि पाते उभ्यापासून किती झुकले ते पात्याचा कल सांगतो. कुंडीची बाजू जेवढी झुकलेली, तेवढाच मायटर कोन लावणे आणि पाते ४५ वरच ठेवणे, ही सर्रास होणारी चूक आहे. बाजूचा झुकाव या दोहोंपैकी कशाशीच बरोबर जुळत नाही.

उदाहरण म्हणून बाहेरून तोंड ४४ सेंमी, तळ ३० सेंमी आणि उभी उंची २४ सेंमी अशी चौकोनी कुंडी घेऊ. प्रत्येक बाजू वर जाताना ७ सेंमी बाहेर सरकते, म्हणून फळीची तिरकी उंची २५ सेंमी येते. (७, २४, २५ हे त्रिकूट बौधायन शुल्बसूत्रात आहे. अशी पूर्णांकी मापे घेतली की आखणी आणि पडताळणी दोन्ही सोपी होतात, म्हणून पहिल्या कुंडीसाठी तीच घ्यावीत.) बाजूचा उभ्यापासूनचा झुकाव १६.३ अंश झाला.

आता एकच फळी टेबलावर सपाट ठेवलेली कल्पावी. ती समलंब चौकोन आहे: खाली ३०, वर ४४, उंची २५. तिचे टोक २५ सेंमीत ७ सेंमी बाहेर जाते, म्हणून मायटर कोनाचा टॅन ०.२८ आणि कोन १५.६ अंश. तो मिळवायला त्रिकोणमिती लागतेच असे नाही. समलंब पूर्ण मापात पुठ्ठ्यावर काढून कोन बेव्हल गुण्यात धरला तरी काम होते, आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी, कारण कोन कुठून आला हे तेव्हाच डोळ्यांना दिसते.

पात्याचा कल जरा अवघड आहे. बाजू झुकल्या की शेजारच्या दोन फळ्यांमधला कोन काटकोनापेक्षा उघडतो. या कुंडीत तो ९४.५ अंश होतो. त्याचा अर्धा ४७.२५. करवतीवरची पट्टी काटकोनी कापापासून मोजत असल्याने ९० मधून तो वजा करायचा, म्हणजे पात्याचा कल ४२.७५ अंश.

कोणत्याही नियमित बहुभुज कुंडीसाठी नियम असा: १८० ला बाजूंच्या संख्येने भागून येणारा कोन घ्यावा. त्याचा टॅन गुणिले झुकावाचा साइन म्हणजे मायटर कोनाचा टॅन. त्याचा साइन गुणिले झुकावाचा कोसाइन म्हणजे पात्याच्या कलाचा साइन. झुकाव १० अंश असेल तर चौकोनी कुंडीला ९.९ आणि ४४.१, षट्कोनीला ५.७ आणि २९.५, अष्टकोनीला ४.१ आणि २२.१ अंश येतात. त्रिकोणी कुंडीला पाते ५८.५ अंश झुकवावे लागते. बहुतेक यंत्रे ४५ च्या आसपासच थांबतात. छताच्या नक्षीपट्टीसाठी अनेक मायटर सॉवर ३१.६ आणि ३३.९ या खुणा असतात, त्याही याच नियमातून, ३८ अंशांच्या झुकावासाठी निघालेल्या आहेत. तयार कोष्टक वापरताना झुकाव उभ्यापासून मोजला आहे की आडव्यापासून, हे आधी पाहावे. कोष्टकांमुळे झालेल्या बहुतेक चुकांचे मूळ तिथे असते.

फळी कुंडीत तळावर सपाट बसावी आणि वरची कड आडवी यावी म्हणून दोन्ही लांब कडा झुकावाइतक्याच कोनात, एकमेकींना समांतर, आधी चिरून घ्याव्यात. मग फळीची बाहेरची बाजू वर ठेवून एक टोक कापावे. दुसऱ्या टोकासाठी फळी उलथायची नाही; ती आहे तशीच अर्धा फेरा फिरवावी आणि मायटर कोन शून्याच्या पलीकडे तेवढाच न्यावा. पात्याचा कल हलवू नये. लांबी नेहमी बाहेरच्या बाजूवर मोजावी.

चौकोनी कुंडीत असे आठ काप असतात. प्रत्येकात पात्याचा कल अर्धा अंश चुकला, तर शेवटच्या कोपऱ्यात सुमारे ४ अंशांची फट उरते. यंत्रावरच्या खुणांवर एवढा भरवसा ठेवता येत नाही. त्याच जाडीच्या टाकाऊ लाकडाचे चार छोटे तुकडे कापून चिकटपट्टीने जोडून पाहणे हीच खरी परीक्षा. फट आतल्या अंगाला दिसली तर कल कमी करावा, बाहेर दिसली तर वाढवावा.

कुंडीत ओली माती राहणार, लाकूड फुगणार आणि आटणार. तिरप्या तोंडांचा सांधा सुंदर दिसतो, पण या फुगण्याआटण्याने तो उघडतो. पावसाळी भागात एका फळीचे टोक दुसरीच्या आतल्या अंगावर टेकवून स्क्रू मारलेला साधा सांधा अधिक टिकाऊ. त्यात मायटर कोन तोच, १५.६ राहतो, टेकणाऱ्या टोकांना पात्याचा कल मात्र फक्त ४.५ अंश लागतो, कारण त्याचा साइन म्हणजे झुकावाच्या साइनचा वर्ग. कोपऱ्यात आतून आधाराची पट्टी द्यायची तर तिचाही कोन ९४.५ अंशांचा रंधून घ्यावा. काटकोनी पट्टी फळ्यांना पूर्ण टेकत नाही आणि स्क्रू आवळताना कोपरा आत ओढते.