लैंगिक गुन्हेगारांची नोंद

भारतात लैंगिक गुन्हेगारांची यादी २० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ती सांभाळतो. बलात्कार, सामूहिक बलात्कार, छेडछाड आणि पॉक्सो या बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखाली शिक्षा झालेल्यांची नावे, पत्ते, छायाचित्रे व बोटांचे ठसे तीत असतात. भातकुलीसारख्या तालुक्यातल्या ठाण्याचा तपास अधिकारीही ती पाहू शकतो, गावकरी नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियाने १९४७ मध्येच लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांना पोलिसांत नोंदणी सक्तीची केली. १९९६ च्या मेगन कायद्याने तिथे अशी माहिती लोकांसमोर आली.

आपल्याकडे ही यादी पोलिसांपुरतीच राहिली, हे योग्यच, कारण नोंदीचा डाग सहज पुसत नाही. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने निव्वळ जन्मावरून माणसांना नोंद आणि हजेरी सक्तीची केली होती. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्याखाली गुन्हेगार ठरवलेल्या पारधी जमातीवरचा संशय मात्र अजून गेलेला नाही.