दिनविशेष : ८ मार्च १९७१ – ग्रिग्ज खटल्याचा निकाल

अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्यातील ड्यूक पॉवर कंपनीच्या डॅन नदीवरील वीजकेंद्रात पाच खाती होती. त्यांपैकी झाडलोटीसारख्या कामांचे जे मजूर खाते, तेवढेच काय ते कृष्णवर्णीयांस खुले असून, तेथील सर्वांत वरच्या जागेचे वेतनही इतर चार खात्यांतील सर्वांत खालच्या जागेहून कमी असे. नोकरीतील वर्णभेदास मनाई करणारा कायदा २ जुलै १९६५ रोजी अमलात आला, आणि नेमक्या त्याच दिवशी कंपनीने वरच्या खात्यांतील नव्या भरतीसाठी शालान्त प्रमाणपत्राच्या जोडीला दोन लेखी चाचण्याही लावल्या. हा निव्वळ योगायोग मानावयास फारच भोळे मन हवे! १९६० च्या शिरगणतीनुसार त्या राज्यातील गोऱ्या पुरुषांपैकी ३४ टक्के, तर कृष्णवर्णीयांपैकी अवघे १२ टक्के माध्यमिक शिक्षण पुरे केलेले होते. इकडे प्रमाणपत्र नसलेले जुने गोरे नोकर त्याच खात्यांत चोख कामे करून बढत्याही मिळवीत होते, हे विशेष.

याविरुद्ध ग्रिग्ज व इतर बारा कृष्णवर्णीय कामगारांनी गुदरलेल्या फिर्यादीत, खालच्या दोन्ही न्यायालयांनी कंपनीचा हेतू दुष्ट नसल्याचा निर्वाळा दिला असताही, सर्वोच्च न्यायालयाने आजच्या दिवशी, सरन्यायाधीश बर्गर यांच्या लेखणीने व एकमताने, असे ठरविले की ज्या अटीचा प्रत्यक्ष कामाशी संबंध नाही आणि जिच्यामुळे एका वर्णाचे लोक वगळले जातात, ती हेतू निर्मळ असला तरी बेकायदेशीर होय. १९८९ मध्ये याच न्यायालयाने हे तत्त्व बरेच क्षीण केले. त्यावर उतारा म्हणून १९९१ मध्ये अमेरिकन विधिमंडळाने ते कायद्यातच नमूद केले.