अष्टपादाचे प्रजनन : कोळ्यांची साक्ष व शास्त्राचा प्रवास

प्रस्तावना :
भूमध्य समुद्र व पूर्व अटलांटिकमध्ये व्यापारासाठी मोठ्या प्रमाणावर पकडल्या जाणाऱ्या ‘ऑक्टोपस व्हल्गारिस’ या अष्टपादाची मादी आयुष्यात एकदाच अंडी घालते, उपाशी राहून त्यांची राखण करते आणि मरण पावते. या ज्ञानाचा उगम केवळ प्रयोगशाळेत झालेला नाही, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्राचीन नोंदी :
इ.स.पूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने अंडी राखणारी मादी अन्नाअभावी क्षीण होते, अशी नोंद केली. नर एका भुजेच्या साहाय्याने समागम करतो, हे कोळ्यांचे म्हणणेही त्याने नमूद केले. मात्र ती भुजा केवळ मादीला धरून ठेवण्यासाठी असते, असे सांगून ते अमान्य केले.

एकोणिसावे शतक :
१८२९ मध्ये जॉर्ज क्यूव्हिए यांनी अष्टपादवर्गीय मादीच्या शरीरात आढळलेल्या चूषकयुक्त अवयवाला परजीवी कृमी मानून ‘हेक्टोकोटिलस’ हे नाव दिले. वस्तुतः ती नराची तुटलेली भुजा होती. १८५३ मध्ये हाइनरिश म्युलर यांनी आर्गोनॉट या संबंधित प्राण्याच्या संपूर्ण नराचे वर्णन केल्यावर हा भ्रम दूर झाला. व्हल्गारिसच्या नराची उजवीकडील तिसरी भुजा तुटत नाही, परंतु शुक्राणुपुटी मादीपर्यंत तीच पोहोचविते. कोळ्यांची साक्ष अशा रीतीने खरी ठरली.

विसावे शतक :
१९५९ मध्ये मार्टिन व जॉइस वेल्स यांनी लैंगिक परिपक्वता दृक्-ग्रंथींच्या नियंत्रणाखाली असल्याचे दाखविले. १९७७ मध्ये जेरोम वोडिन्स्की यांनी ‘ऑक्टोपस हमेलिंकी’ या प्रजातीच्या अंडी घातलेल्या माद्यांमधील या ग्रंथी काढून टाकल्या. तेव्हा माद्यांनी राखण सोडली, त्या पुन्हा अन्न घेऊ लागल्या व अधिक काळ जगल्या. मातेचा मृत्यू हा केवळ उपासमारीचा परिणाम नसून ग्रंथींशी निगडित आहे, हे यावरून सिद्ध झाले.

निष्कर्ष :
एकदाच प्रजनन करणारी मादी अंडी घालण्यापूर्वी पकडली गेल्यास तिचा वंशच खुंटतो. म्हणूनच अष्टपादाच्या बाबतीत मासेमारीबंदीचा काळ निर्णायक ठरतो. २००४-०५ मध्ये मादागास्करच्या आंदावादोआका परिसरात ‘ऑक्टोपस सायानिया’ या प्रजातीसाठी स्थानिक मच्छीमारांच्या सहभागाने प्रवाळक्षेत्राचा काही भाग सुमारे सात महिने बंद ठेवण्यात आला. ज्यांच्या साक्षीवर एकेकाळी अविश्वास दाखविला गेला, त्या समाजाच्या सहभागाशिवाय या ज्ञानाचा उपयोग होणे कठीण आहे, हेच यावरून दिसून येते.