अफगाण हस्तकला-शिक्षण

अफगाणिस्तानात पारंपरिक कारागिरीचे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या उस्ताद-शागीर्द पद्धतीने चालत आले. मुलगा लहानपणीच वडिलांच्या किंवा उस्तादाच्या हाताखाली लागे, पडेल ते काम करत शिके. १९७९ नंतरची युद्धे आणि स्थलांतरे यांमुळे ही परंपरा अनेक ठिकाणी खंडित झाली.

तिला शाळेचे रूप देणारा महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे ‘टर्कॉइज माउंटन’ ही संस्था. रोरी स्ट्युअर्ट यांनी ती २००६ मध्ये काबूलमध्ये स्थापन केली. जुन्या शहरातील मुराद खानी ही मोडकळीला आलेली वस्ती दुरुस्त करताना सुतार-गवंड्यांना प्रत्यक्ष कामावरच शिकता आले. इमारत आणि कारागीर एकाच वेळी उभे करणारी ही योजना विशेष मोलाची होती. सुलेखन व लघुचित्रे, लाकूडकाम, दागिने व रत्नकाम आणि कुंभारकाम हे संस्थेतील मुख्य विषय. जाळीकामात लाकडाचे बारीक तुकडे खाचांत बसवून, खिळ्यांशिवाय भौमितिक नक्षी जुळवतात. मापात केसभर चूक झाली, तरी पुढची सगळी रचना बिघडते.

कुंभारकामाच्या बाबतीत काबूलच्या उत्तरेकडील इस्तालिफ गाव निळ्या-हिरव्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. ‘इश्कार’ या झुडपाच्या क्षारयुक्त राखेत गारगोटीची पूड आणि तांब्याचे ऑक्साइड मिसळून तेथे झिलई करतात. तांब्यामुळे तिला फिरोजी रंग चढतो. तालिबानने १९९० च्या दशकाअखेरीस हे गाव उद्ध्वस्त केले. पुढे परतलेल्या कुंभारांनी भट्ट्या पुन्हा पेटवल्या.

२०२१ नंतर मुलींच्या माध्यमिक व उच्च शिक्षणावर आलेल्या बंदीमुळे घरबसल्या करता येणाऱ्या भरतकाम, शिवणकाम, गालिचा-विणकाम यांच्या प्रशिक्षणाची निकड वाढली आहे.