एक चमचा किटलीसाठी

पाय लांब करू नका. तुमच्या तळव्यांपाशी एकाचं डोकं आहे आणि तुमच्या डोक्याशी दुसऱ्याचे तळवे. खोली दहा बाय दहाची, झोपलेले अकराजण, बारावे तुम्ही. लालबागमधली चाळ, 1938 चा आषाढ. अंगाखालची वळकटी तुमची नाही. रातपाळीवाला आला की तुम्ही तापवलेल्या जागेवर आडवा होईल. बिचाऱ्या अंथरुणाला थंड व्हायला सवडच मिळत नाही.

भोंगा झाला. आधी तो छातीत वाजतो, मग कानात शिरतो. एका गिरणीचा संपेपर्यंत दुसरीचा सुरू, आणि तेवढ्यात खाली नळावर बादल्यांची आदळआपट. ओले कपडे, घासलेट, काल रात्रीचं सुकटाचं कालवण आणि बारा माणसांचा घाम, हे सगळं मिळून जो वास होतो त्याची सवय व्हायला तुम्हाला दोन दिवस लागतील. पण त्याला कापत एक दुसराच वास येतोय. ठेचलेल्या आल्याचा.

"उठा की पाव्हणं, च्या निवतोय!"

या मावशी. खानावळवाल्या, साताऱ्याकडच्या. इथे सगळेच त्यांना मावशी म्हणतात, त्यांच्या वयाचे बाप्येसुद्धा. त्यांचा चहा कसा होतो ते बघायचं असेल तर मोरीच्या कट्ट्यापाशी उकिडवे बसा, आणि मधेमधे करू नका. कोळशाच्या शेगडीवर जर्मनचा टोप. हिटलरचा नव्हे हो. ॲल्युमिनियमला इथे जर्मन म्हणतात. पाण्याला आधण आलं की गुळाचा खडा पडतो, मग पाट्यावर ठेचलेलं आलं सालीसकट. मग पैशाला मिळणारी चहाची पुडी दाताने फाडून तिच्यातली निम्मी भुकटी. उरलेली निम्मी पुडी पिळून कमरेला, कारण ती संध्याकाळची. टोप उकळतो, वर येतो, मावशी फुंकर मारून खाली बसवतात, पुन्हा वर येतो. असं पाचसहा वेळा. रंग तांबूस होतो, मग तपकिरी, मग सरळ गिरणीच्या तेलासारखा.

दूध नाही. दूध पगाराच्या आठवड्यात दिसतं, आणि तेव्हा गुळाची जागा साखर घेते. गुळाच्या उकळत्या चहात दूध ओतलं तर ते नासतं आणि मावशींचा पाराही. एरवी कोराच चहा. खिळ्याला टांगलेलं फडकं खाली येतं. कधीकाळी ते पांढरं होतं म्हणे. त्यातून चहा गाळायचा, चटके सोसत पिळायचा, आणि चोथा फेकायचा नाही; दुपारी त्यालाच पुन्हा पाण्यात घालायचं.

तुमच्या हातात आलीये पितळी वाटी. भाजली ना? धोतराच्या सोग्याने धरायची असते. कान तुटलेली एकच कपबशी आहे घरात, ती वयाने मोठ्या माणसाला. आता फुंका, ओठ लावा आणि जोरात फुर्र करा. आवाज न करता प्यायलात तर सगळे वळून बघतील, की या पाव्हण्याला झालंय तरी काय.

पहिला घोट घसा सोलत जातो. तिसऱ्याला डोळे उघडतात.

आता पळा. गेट बंद झालं तर आजचा खाडा. लूमखात्यात शिरलात की बोलणं विसरायचं. शेकडो माग एकदम चालतात, जमीन पायाखाली थरथरते, आणि बाजूचा माणूस ओरडतोय हे त्याच्या तोंडाकडे बघूनच कळतं. खिडक्या बंद, कारण हवा कोरडी झाली की सूत तुटतं. त्यामुळे आत दमट, शिजवणारी गरमी, खळीचा आंबूस वास आणि हवेत तरंगणारी कापसाची लव. ती भुवयांवर बसते, घामात चिकटते, घशात जाऊन तिची पेळू होते. कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून सुताचं टोक तोंडाने ओढून काढायचं. दिवसभर तेच, आणि त्याच धोट्याला दुसऱ्या पाळीत दुसऱ्याचे ओठ. या ओठांपायीच दलित माणसाला लूमखात्यात घेत नाहीत. त्याला सूत काततात तिकडे पाठवतात. उष्ट्याचा विटाळ इथे कापसापेक्षा जास्त उडतो.

पलीकडच्या मागावरचा तुमच्याकडे बघून तळहात पसरतो आणि ओठांपाशी नेतो. बशी. म्हणजे सुट्टीत चहाला येतोस का? तुम्ही मान हलवता. हो म्हणायला आज पहिल्यांदाच तोंड उघडावं लागलं नाही.

सुट्टीतल्या चहाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाणचट, गोड आणि गरम. त्यातल्या गरम याच गुणावर तो खपतो. सोबत गुळाचा खडा चघळा. गुळाने लव खाली उतरते असं सगळे म्हणतात, आणि सगळे खोकतातही.

संध्याकाळी चाळीच्या चौकात मात्र मौज आहे. पाऊस थांबलाय, पोरं गोळा झालीत. मधे एक टेबल, त्यावर इस्त्रीची चादर, चादरीवर चिनी मातीची किटली. कोट घातलेला एक इसम. हा चहाच्या प्रचाराचा माणूस. मळेवाल्यांच्या चहाचा खप आपल्या लोकांत वाढावा म्हणून देशभर असे लोक हिंडतायत, स्टेशनांवर पाट्या लागल्यात, घरोघरी चहा कसा करायचा ते शिकवणं चाललंय. फुकट चहा आहे म्हटल्यावर गर्दीला काय तोटा.

"ताजं पाणी घ्या," तो सांगतो. "किटली गरम पाण्याने विसळून घ्या. माणशी एक चमचा पत्ती, आणि एक चमचा किटलीसाठी."

"किटली पिती व्हय च्या?" मावशी.

चौक फुटतो हसून. त्याने हे याआधी ऐकलेलं असावं, कारण तो न थांबता पुढे जातो. पाच मिनिटं झाकून ठेवा. उकळू नका, चव मरते. दूध आणि साखर वरून, ज्याच्या त्याच्या आवडीने. आलंबिलं काही नको.

तुम्हाला कप मिळतो. सोनेरी, नितळ, हलका सुगंध. खरं सांगू? चहा चांगला आहे. तुमच्या काळात असल्या चहाला तुम्ही इथल्या निम्म्या पगाराएवढे पैसे मोजाल. पण गिरणीतून आलेल्या घशाला तो कळतच नाही, पावसाच्या पाण्यासारखा उतरून जातो. बायका पदर तोंडाला लावून एकमेकींकडे बघतात. माणशी एक चमचा! बारा माणसं, तेरा चमचे. महिन्याचं वाणसामान एका सकाळी किटलीत.

तो जाताना प्रत्येकीला नमुन्याची एकेक पुडी देतो. ती मात्र सगळ्या घेतात.

नाक्यावरच्या इराण्याकडे चला, तोंडाची चव परत आणू. कोपऱ्याचं दुकान, दोन्हीकडून वारा. संगमरवरी टेबलाला हात लावा, दिवसभरातली ही पहिली थंड वस्तू. काळ्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, बरण्यांत खारी आणि नानकटाई, बाहेर ट्रामची घंटा. "एक पानी कम!" असं जोरात म्हणा. दूध जास्त, पाणी कमी, रंग विटकरीचा. ब्रून पावाला मस्का फासून आलाय, तो कपात बुडवा. वर लोण्याचे तवंग तरंगले तर तरंगू देत, तीच तर गंमत आहे. शेजारी कोण बसलंय, कुठल्या जातीचं, कोणी विचारत नाही. कप सगळ्यांचे एकाच बादलीत विसळले जातात. निघालात की पोऱ्या तिथूनच गल्ल्याकडे ओरडतो, "काली टोपीवाला, डेढ आना!" सगळ्या हॉटेलला कळतं तुम्ही किती खाल्लंत ते.

घरी जाताना भिजलात. छत्री नेली नव्हतीत, ऐकता कुठे तुम्ही?

रात्री दात वाजायला लागतात. मावशी कपाळाला हात लावतात आणि काही न बोलता गॅलरीत जातात. तिथे घासलेटच्या फुटक्या डब्यात कोकणातल्या शेजारणीने गवती चहा लावलाय. माती गावची, मुंबईची माती तिला पसंत नाही. "दोन पाती न्हेते गं," एवढंच. पाती करवतीसारखी, बोटाला बारीक चीर पाडते. मावशी तिची गाठ मारून उकळत्या पाण्यात टाकतात आणि लिंबासारखा ताजा, हिरवा वास खोलीभर होतो. मिनिटभर तरी खोली दहा बाय दहाची राहत नाही. मग आलं, चार मिरं, तुळशीची पानं, गूळ. भुकटी चिमूटभरच, रंगापुरती.

प्या. पूर्ण. मग घोंगडी डोक्यावरून घ्या. लोकर टोचते, मेंढराचा वास येतो, श्वास गरम होतो. मानेतून पहिला घामाचा ओघळ सुटतो, मग पाठ, मग पोटऱ्या. बाहेर कोणीतरी टाळ वाजवत भजन म्हणतंय. तुम्हाला मधले शब्द ऐकू येत नाहीत.

भोंगा. पहाट. अंग हलकं, ताप उतरलेला, वळकटी ओली.

शेगडी पेटलीये. मावशींनी कालची नमुन्याची पुडी फोडलीये. वास घेऊन बघतात, मान डोलावतात. ठेचलेलं आलं पडतं, गूळ पडतो, उरलेली गवती पात पडते, टोप वर येतो, खाली बसतो, वर येतो. त्या चिमटीने भुकटी टाकतात, जराशी थांबतात, चोरट्या नजरेने तुमच्याकडे बघतात आणि आणखी अर्धी चिमूट सोडतात.

"ही किटलीची," म्हणतात, आणि पदरात तोंड खुपसून एकट्याच हसतात.