पडद्यावरचे .४४ मॅग्नम

१९७१ साली डॉन सीगल दिग्दर्शित ‘डर्टी हॅरी’ प्रदर्शित झाला. त्यात सॅन फ्रान्सिस्कोचा पोलीस अधिकारी हॅरी कॅलाहन, म्हणजे क्लिंट ईस्टवुड, जखमी दरोडेखोरावर रिव्हॉल्व्हर रोखून बजावतो, की हे .४४ मॅग्नम जगातले सर्वांत शक्तिशाली हातशस्त्र आहे. त्या दाव्यात तथ्य किती आणि पडद्याची करामत किती, हे मला येथे तपासायचे आहे.

‘मॅग्नम’ हा शब्द मुळात मद्याच्या मोठ्या बाटलीचा. आकडाही नावापुरताच, गोळीचा प्रत्यक्ष व्यास.४२९ इंच. आयडाहोतील शिकारी-लेखक एल्मर कीथ वर्षानुवर्षे जुन्या .४४ स्पेशल काडतुसात जादा दारू भरून प्रयोग करीत होता. त्याच्या पाठपुराव्यातून रेमिंग्टन आणि स्मिथ अँड वेसन यांनी १९५०च्या दशकाच्या मध्यास हे काडतूस आणि त्याचे रिव्हॉल्व्हर आणले. नजरेसमोर होता रानातला शिकारी. शहरी पोलिसाला ते जड होते आणि त्याचा धक्काही फार. चित्रपटानंतर मात्र या रिव्हॉल्व्हरचा बाजारात तुटवडा पडला आणि ते छापील किमतीहून महाग विकले गेले.

दावा सर्वस्वी खोटा नव्हता. डिक कॅसलचे अधिक जोरकस .४५४ काडतूस त्याआधीच तयार झाले होते. पण त्यासाठीचे रिव्हॉल्व्हर कारखान्यातून बाहेर पडले १९८३ साली. गंमत म्हणजे १९७३च्या ‘मॅग्नम फोर्स’मध्ये खुद्द हॅरीच आपण सौम्य काडतुसे वापरतो असे सांगतो. ते कुणाच्या लक्षात राहिले नाही.

खोटे होते ते चित्र. .४४ मॅग्नमची गोळी साधारण साडेपंधरा ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ४२० मीटर. ती ७० किलोच्या माणसाच्या शरीरात थांबली, तर त्याला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम नऊ सेंटिमीटर. गोळी लागलेला माणूस काचेतून मागे उडायचा, तर झाडणाराही जवळपास तेवढाच मागे उडायला हवा. न्यूटनचा नियम दोघांना सारखाच. ऊर्जेचा हिशेब केला, तर ती सुमारे १,३५० ज्यूल भरते. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशके दिसलेल्या ‘थ्री नॉट थ्री’ रायफलची त्याच्या दुपटीहून अधिक, सुमारे ३,१०० ज्यूल.

मग पडद्यावर माणसे उडतात का? कारण धावती गोळी कॅमेऱ्याला दिसत नाही. तिचा जोर दाखवायला कोसळणारा देह लागतो, आणि तो दोरीने मागे खेचता येतो.

या चित्राची किंमत खऱ्या माणसांनी मोजली आहे. एप्रिल १९८६मध्ये मायामीत एफबीआय आणि दोन दरोडेखोर यांच्यात चकमक झाली. त्यातला एक दरोडेखोर छातीत गोळी घुसल्यावरही लढत राहिला. दोन एजंट मरण पावले. त्यानंतर १९८९च्या एफबीआयच्या अहवालाने स्पष्ट सांगितले, की हातशस्त्राची गोळी माणसाला धक्क्याने पाडत नाही. हृदय निकामी झाले तरी तो दहा-पंधरा सेकंद हालचाल करू शकतो. जखम कुठे आणि किती खोल, यावर सारे ठरते.

चकमकीच्या बातम्या वाचताना म्हणूनच हा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो. एवढ्या गोळ्या का झाडल्या, हा प्रश्न नागरिकांनी विचारलाच पाहिजे. पण ‘एका गोळीत माणूस आडवा होतो’ असे गृहीत धरून विचारला, तर निर्दोषालाही दोषी ठरवू आणि खऱ्या अपराध्याला पळवाटही देऊ. उत्तर शवविच्छेदनाच्या अहवालात शोधावे लागते.