धक्का नसलेले बंदर

कोकणातल्या जुन्या मंडळींना बोटीचा प्रवास नव्याने सांगायला नको. हर्णैला किंवा वेंगुर्ल्याला बोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावातून किनाऱ्याला लागत. सगळ्या प्रवासापेक्षा हा शेवटचा अर्धा मैलच अवघड. सैन्यालाही हाच अर्धा मैल छळतो. फक्त तिथे उतरवायचे असतात रणगाडे आणि दारूगोळा.

१९ ऑगस्ट १९४२ रोजी दोस्त सैन्याने फ्रान्सच्या दिएप बंदरावर थेट हल्ला केला आणि सपाटून मार खाल्ला. तटबंदीचे बंदर समोरून घेता येत नाही, हे कळून चुकले. बंदरच बरोबर न्यायची कल्पना आधीपासून घोळत होती, तिला आता जोर आला. इंग्लंडमध्ये काँक्रीटच्या प्रचंड पोकळ पेट्या तयार झाल्या. त्यांचे नाव 'फिनिक्स'. सर्वांत मोठी सुमारे ६,००० टनांची. जून १९४४ मध्ये त्या ओढत नॉर्मंडीला नेल्या आणि पाणी भरून तळाशी बसवल्या. बांधाच्या आत पाणी शांत झाले. तिथे भरती-ओहोटीबरोबर वरखाली होणारे धक्के आणि तरंगते रस्ते जोडले. हीच ती 'मलबेरी' बंदरे. १९ ते २२ जूनच्या वादळात दोनपैकी अमेरिकन बंदर मोडले. मग अमेरिकनांनी सपाट तळाची जहाजे भरतीला वाळूवर चढवून ओहोटीत रिकामी करण्याचा सपाटा लावला. आपली गलबतेही खाडीच्या चिखलात अशीच टेकतात!

तरी मोठ्या बंदरावाचून भागेना, आणि इथे आपल्या हॉलंडची कथा सुरू होते. ४ सप्टेंबर १९४४ रोजी अँटवर्प जवळजवळ शाबूत हाती आले. पण समुद्राकडून येणारी स्खेल्ड नदीची वाट जर्मनांच्या ताब्यात होती. ती सोडवण्यासाठी ३ ऑक्टोबरला वेस्टकापेलेचा बांध बॉम्ब टाकून फोडला. गावातली दीडशेहून अधिक माणसे दगावली आणि वाल्खरन बेटात खारे पाणी शिरले. १ नोव्हेंबरला सैन्य बेटावर उतरले; २८ नोव्हेंबरला पहिला ताफा अँटवर्पला पोहोचला. बंदर खुले झाले, किंमत मात्र झेलंडच्या शेतकऱ्यांनी मोजली.

त्या फेडीचा थोडा भाग पुढे विचित्र रीतीने झाला. १९४५-४६ मध्ये वाल्खरनची भगदाडे बुजवताना मलबेरीचीच सामग्री कामी आली. १ फेब्रुवारी १९५३ च्या महापुरात या देशात १,८३६ माणसे मेली. त्याच नोव्हेंबरात आउवरकर्कचे शेवटचे भगदाड बंद झाले, तेही युद्धातून उरलेल्या चार फिनिक्स पेट्या बुडवून. जहाजांना किनारा मिळावा म्हणून बांधलेल्या पेट्यांनी इथे समुद्राला बाहेर थोपवले.

त्या पेट्यांत २००१ पासून महापुराचे संग्रहालय आहे. पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन जरूर जा, आणि जमले तर आजीच्या पडावाची गोष्टही तिथेच सांगा.